क्रूझचं जहाज केवढं असावं?

वाचकांच्या शंका: प्रवास

या वेळी क्रूझबद्दलचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं वगळून फक्त गाव दिलं आहे.

प्रश्न (पुणे): जानेवारी २०२४ मध्ये ‘आयकॉन ऑफ द सीज’ आलं, पाठोपाठ २०२५ मध्ये तसंच ‘स्टार ऑफ द सीज’. सात हजारांवर माणसं एका जहाजावर म्हणजे जत्राच की! एवढ्या मोठ्या जहाजावर सुट्टीची मजा वाढते की गर्दीत हरवते?

उत्तर: गर्दी जहाजाच्या लांबीवरून नव्हे, माणशी जागेवरून ठरते. आणि ती तुम्हाला घरबसल्या काढता येते.

जहाजाचा आकार ‘ग्रॉस टनेज’मध्ये सांगतात. नावात टन असला तरी ते वजन नव्हे, जहाजातल्या बंदिस्त जागेचं माप आहे. हा आकडा प्रवासी-संख्येनं भागायचा. प्रवासी-संख्या एका खोलीत दोघे या हिशेबाची घ्यायची. आयकॉनचं टनेज २,४८,६६३ आणि प्रवासी ५,६१०, म्हणजे भागाकार ४४. सिंगापूरहून सुटणाऱ्या ‘गेंटिंग ड्रीम’चं टनेज १,५०,६९५ आणि प्रवासी ३,३५२, भागाकार ४५. मुंबईकरांना माहीत असलेली कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ ४८,५६३ टनेजची, प्रवासी सुमारे १,६००. भागाकार ३०. म्हणजे पाचपट मोठ्या जहाजावर माणशी जागा जवळजवळ दीडपट आहे. ‘लहान जहाज म्हणजे निवांत’ हे समीकरण इथेच मोडतं. (जाता जाता: टायटॅनिक ४६,३२८ टनेजचं होतं. मोजायची पद्धत तेव्हा वेगळी होती, तरी आकारानं ते आजच्या एम्प्रेसच्याच पंगतीत बसलं असतं.)

मात्र या भागाकाराच्या तीन खोडी आहेत.

पहिली खोड: त्यात खोलीतला तिसरा-चौथा पलंग धरलेला नसतो. शाळेच्या सुट्टीत सोफे आणि वरचे पलंग भरले की आयकॉनवर ७,६०० पर्यंत प्रवासी चढतात आणि भागाकार ४४ वरून ३३ वर घसरतो. तेच जहाज, तेच भाडं किंवा जास्तच, आणि जागा पाऊणपट. म्हणून जहाज निवडण्यापेक्षा आठवडा निवडणं महत्त्वाचं. कॅरिबियनमध्ये नाताळ, मार्चच्या मध्यातली अमेरिकी कॉलेजांची सुट्टी आणि जून ते मध्य ऑगस्ट टाळा. सिंगापूरला जून आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिथल्या शाळा बंद असतात; त्यात आपली मे आणि दिवाळीची गर्दी मिसळते. जानेवारीचा दुसरा पंधरवडा आणि सप्टेंबर हे त्यातल्या त्यात मोकळे, फक्त चिनी नववर्ष कधी येतंय ते बघून घ्या.

दुसरी खोड: टनेज बंदिस्त जागेचं असतं, उघड्या डेकचं नाही. थिएटर, बर्फाचं रिंगण, आतली बाजारपेठ यांनी आकडा फुगतो. पोहण्याच्या तलावाभोवतीच्या खुर्च्या त्यात कुठेच नसतात. त्यामुळे भागाकार ४४ असूनही समुद्रातल्या दिवशी सकाळी साडेनऊला तलावाकाठी खुर्ची मिळत नाही, असं होऊ शकतं. जहाजाचा नकाशा उघडा आणि सर्वांत वरच्या दोन डेकवर किती भाग ‘फक्त सुइटसाठी’, म्हणजे महागड्या खोल्यांसाठी, म्हणून रंगवलाय ते पाहा. तिसरी खोड या राखीव भागाचीच: एमएससी कंपनीचा यॉट क्लब, नॉर्वेजियनचं हेवन, गेंटिंगचं पॅलेस हे जहाजातलं वेगळं जहाज असतं. त्यांची जागा सगळ्यांच्या भागाकारात मोजली जाते, आत मात्र मोजकेच जातात.

आमचं मत विचाराल तर मोठ्या जहाजानं जहाजावरची सुट्टी सुधारली आणि किनाऱ्यावरची बिघडवली. १९८८ मध्ये ७३ हजार टनेजचं ‘सॉव्हरिन ऑफ द सीज’ अवाढव्य वाटलं होतं, १९९६ मध्ये ‘कार्निव्हल डेस्टिनी’नं लाखाचा टप्पा ओलांडला, २००९ मध्ये ‘ओॲसिस’ सव्वादोन लाखांवर गेलं. या प्रवासात खोल्या, मुलांच्या सोयी, जेवणाचे पर्याय, आवाजाचा बंदोबस्त, सगळं सुधारत गेलं. बंदरातल्या गल्ल्या मात्र तेवढ्याच रुंद राहिल्या. मुलांना घेऊन चार-पाच दिवस जहाजावरच घालवायचे असतील तर मोठं घ्या. गावं बघायची असतील तर हजार-बाराशे प्रवाशांच्या आतलं शोधा.

प्रश्न (मुंबई): भूमध्य समुद्रातली सात रात्रींची क्रूझ पाहतोय. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, सँटोरिनी. एका दिवसात एक शहर नीट बघून होतं का?

उत्तर: माहितीपत्रकात शहराच्या नावापुढे कंसात काय लिहिलंय ते आधी वाचा. ‘रोम’ म्हणजे चिविटावेक्किया बंदर, रोमपासून साधारण ७० किलोमीटर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, सुमारे ९० किलोमीटर. ‘व्हेनिस’ हा तर सर्वांत फसवा कंस. १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजारांवर टनेजच्या किंवा १८० मीटरपेक्षा लांब जहाजांना व्हेनिसच्या जुन्या शहरासमोरच्या कालव्यातून जायला बंदी आहे. त्यामुळे अनेक मोठी जहाजं राव्हेना किंवा त्रिएस्तेला लागतात. राव्हेनाहून व्हेनिस बसनं दोन-अडीच तास. जायला अडीच, यायला अडीच; दहा तासांच्या मुक्कामात व्हेनिसच्या वाट्याला किती उरतं ते तुम्हीच मोजा. पूर्वेकडेही हेच. ‘बँकॉक’ म्हणजे लेम चाबांग, सव्वाशे किलोमीटरवर. ‘क्वालालंपूर’ म्हणजे पोर्ट क्लांग, जवळजवळ तासाचा रस्ता. याउलट पेनांगला जहाज थेट जॉर्ज टाउनच्या स्वेटनहॅम धक्क्याला लागतं. उतरून पायी दहा मिनिटांत जुन्या वस्तीत पोचता. अशी बंदरं हुडकून काढा.

आता सँटोरिनी. इथे मोठ्या जहाजाला धक्काच नाही. ते खाली समुद्रात उभं राहतं आणि लाँचमधून माणसं जुन्या बंदरावर उतरवतात. तिथून ‘फिरा’ नावाचं गाव उभ्या कड्यावर. वर जायचे मार्ग तीन: केबलकार, पाचशे-सहाशे पायऱ्या, नाहीतर गाढव. (गाढवावर बसू नका. उन्हात त्या जनावराचे हाल होतात आणि लीद पडलेल्या गुळगुळीत दगडांवर त्याचाही पाय सरकतो.) केबलकार तासाला हजार-बाराशे माणसं नेते. एका सकाळी तीन जहाजांचे सहा हजार प्रवासी उतरले तर शेवटच्याचा नंबर कधी लागेल? वर सगळेच सूर्यास्त बघून एकदम परततात, म्हणून उतरतानाची रांग आणखी लांब. याच कोंडीमुळे २०२५ पासून सँटोरिनीनं क्रूझ प्रवाशांवर दिवसाला ८,००० ची मर्यादा घातली आणि ग्रीसनं उन्हाळ्यात तिथे उतरणाऱ्या प्रत्येक क्रूझ प्रवाशावर २० युरो शुल्क लावलं.

ज्या बंदरात लाँचनं उतरावं लागतं तिथला हिशेब साधा आहे. समजा चार लाँच, एकात शंभर माणसं, एक खेप अर्ध्या तासाची. तासाला आठशे. तीन हजार जणांना उतरायचं असेल तर पावणेचार तास. सकाळी आठला सुरुवात झाली तर शेवटचा प्रवासी बाराच्या सुमारास जमिनीवर, आणि परतीची शेवटची लाँच साडेचारला. आणि वारा वाढला तर कप्तान बंदरच रद्द करतो. उंच जहाजाची बाजू शिडासारखी वारा धरते, त्यामुळे लहान जहाज जिथे कसंबसं लागतं तिथून मोठं जहाज वळून निघून जातं. परतावा मिळतो तो फक्त बंदर-शुल्काचा.

तरी जायचंच असेल तर असं करा. लाँचची चिठ्ठी कुठे आणि किती वाजता वाटतात ते आदल्या रात्रीच विचारा. पहिल्या तासात उतरा किंवा दुपारी एकनंतर. दहा ते बारा टाळा. त्या तारखेला बंदरात आणखी कोणती जहाजं आहेत ते बंदराच्या वेळापत्रकात दिसतं, बुकिंगआधी पाहून घ्या. काही गावांनी आपलं गणित स्वतःच घातलंय. दुब्रोव्हनिकनं एका वेळी दोनच जहाजं ठरवली, अलास्कातल्या जुनोनं दिवसाला पाच. अशा ठिकाणी मोठं जहाजसुद्धा त्यातल्या त्यात सुसह्य होतं.

आणखी एक गफलत. फुकेतची वेळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. जहाजाचं घड्याळ बहुधा सिंगापूरचंच राहतं, तुमचा मोबाइल मात्र किनाऱ्यावर उतरताच थायलंडची वेळ धरतो. मोबाइलवर पाच वाजलेत म्हणून तुम्ही निवांत असता आणि जहाजावर सहा वाजून गेलेले असतात. उतरताना दाराशी लावलेल्या, परतायची वेळ लिहिलेल्या फलकाचा फोटो काढा आणि मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. स्वतःहून फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही.

प्रश्न (कोल्हापूर): आई ७४, बाबा ७८. आईचे गुडघे दुखतात, बाबा काठीनं चालतात. मोठ्या जहाजावर लिफ्ट असतात म्हणून तेच बरं, असं एजंट म्हणतो. खरं आहे?

उत्तर: अर्धं खरं. लिफ्ट असतात, पण लिफ्टपर्यंत चालावं लागतं. आयकॉन ३६५ मीटर लांब आहे. खोली एका टोकाला आणि जेवणाचं दालन दुसऱ्या टोकाला असेल तर नाश्ता, जेवण, शो, पुन्हा खोली अशा दिवसाच्या सहा-सात खेपांत दोन किलोमीटर सहज होतात, तेही मऊ गालिच्यावर. गालिच्यावर काठी रुतते. गुडघ्यांना तो फरशीपेक्षा जड जातो.

म्हणून खोली मधल्या लिफ्टपासून सात-आठ दारांच्या आत घ्या. अगदी लिफ्टसमोर नको, रात्री आवाज येतो. नकाशात वर आणि खाली काय आहे ते तपासा. वर तलावाचा डेक असेल तर पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज झोपमोड करतो. खाली थिएटर असेल तर रात्री अकरापर्यंत ढोल. अगदी पुढच्या खालच्या खोल्यांत, जहाज धक्क्याला लागताना बाजूचे पंखे आणि नांगराची साखळी घरघरते, तीसुद्धा सकाळी सहाला. वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असलेला डेक सर्वांत शांत.

व्हीलचेअरबद्दल दोन गोष्टी एजंट सांगत नाहीत. बंदरावर मिळणारी खुर्ची फक्त चढण्या-उतरण्यापुरती असते. सहलभर हवी असेल तर स्वतःची न्या किंवा आधी भाड्यानं ठरवा. आणि नेहमीच्या खोलीचं दार साधारण २३ इंचांचं असतं. घडीची खुर्ची उघडी असताना २४-२५ इंच भरते. ती आत जात नाही, आणि आगीच्या नियमामुळे बोळात ठेवू देत नाहीत. खुर्ची अधूनमधूनच लागत असेल तर घडी घालून आत नेता येते. कायम लागत असेल तर ‘ॲक्सेसिबल’ खोलीच हवी. तशा खोल्या मोठ्या जहाजावरही मोजक्याच असतात, वर्षभर आधी भरतात. तिथे न्हाणीघराला उंबरा नसतो, हे आणखी महत्त्वाचं. नेहमीच्या खोलीत तो दोन-चार इंच उंच असतो आणि रात्री अडखळून पडण्याची जागा नेमकी तीच.

लाँचनं उतरायची बंदरं आई-बाबांसाठी वजा धरा. हलत्या फळीवरून एक पाऊल स्वतः टाकता आलं नाही तर खलाशी नम्रपणे परत पाठवतात. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठी बॅग खोलीत पोचायला संध्याकाळ होते. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल डॉलरमध्ये असतं आणि लगेच तुमच्या जहाजावरच्या खात्यावर पडतं. प्रवास-विम्यात ‘क्रूझ’ आणि ‘वैद्यकीय स्थलांतर’ हे दोन शब्द आहेत का ते पाहा, आणि जुना रक्तदाब-मधुमेह लपवू नका. दावा तिथेच अडतो.

प्रश्न (ठाणे): चढायच्या दिवशी आणि रोजच्या रांगांत अर्धी सुट्टी जाते, असं ऐकलंय. काही युक्ती?

उत्तर: एकाच दिवशी पाच हजार उतरतात आणि पाच हजार चढतात, सकाळी सातपासून दुपारी चारपर्यंत. पहिला दिवस तुंबतो तो त्यामुळे.

ॲपवरचं चेक-इन उघडतं त्याच दिवशी करा. तो दिवस कंपनीनुसार बदलतो. पासपोर्ट आणि फोटो चढवले की येण्याची वेळ निवडता येते. लवकरच्या वेळा पहिल्या काही तासांत संपतात. चढल्यावर सगळे बुफेकडे धावतात. त्या वेळी मुख्य जेवणाचं दालन किंवा एखादं छोटं कॅफे उघडं असतं आणि रिकामं असतं. आधी मात्र सुरक्षा-कवायत उरका: ॲपवर किंवा टीव्हीवर चित्रफीत पाहायची, मग नेमून दिलेल्या जागी जाऊन कार्ड दाखवायचं. चढल्याचढल्या गेलात तर पाच मिनिटं. दुपारी चारला घोषणा झाल्यावर गेलात तर लिफ्टच मिळत नाही. मोठ्या शोच्या जागा त्याच दुपारी ॲपवर धरा. लिफ्ट तुंबते ती शो सुटल्यावर आणि बंदरातून परतताना. गुडघे ठीक असतील तर दोन-तीन मजले जिन्यानं उतरा.

शेवटच्या रात्री बॅगा चिठ्ठी लावून अकराच्या आत दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्या बॅगेत पासपोर्ट, औषधं किंवा उद्याचे कपडे गेले तर सकाळी धक्क्यावर हजारो बॅगांच्या रांगेत शोधत बसाल. रात्रीच्या कपड्यांत उतरलेला एखादा तरी प्रवासी दर खेपेला दिसतोच.

प्रश्न (नाशिक): मोठ्या जहाजाचं भाडं लहानापेक्षा कमी कसं? कुठे मेख आहे?

उत्तर: मेख लपवलेली नाही, पुढच्या पानावर आहे. कप्तान एकच, इंजिनखान्याचे लोक थोडेच जास्त, पण खोल्या दुप्पट. त्यामुळे माणशी खर्च घटतो. शिवाय मोठ्या कंपन्यांच्या उत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा भाड्याबाहेरचा असतो: दारू, इंटरनेट, कॅसिनो, खास उपाहारगृहं, किनाऱ्यावरच्या सहली. स्वस्त खोली हे दुकानाचं दार आहे.

हिशेब असा मांडा. भाडं अधिक बंदर-शुल्क. त्यात सेवाशुल्क, म्हणजे टिप: अमेरिकी कंपन्यांत साधारण १८ डॉलर माणशी रोज, काही कंपन्यांत तान्ह्या बाळालाही तेच. दोघांचे सात रात्रींचे २५२ डॉलर इथेच झाले. इंटरनेट माणशी किंवा उपकरणागणिक रोज वीस डॉलरच्या आसपास. दारूचं पॅकेज घ्यायचं तर बऱ्याच कंपन्यांत एका खोलीतल्या सगळ्या प्रौढांना घ्यावं लागतं. एक पिणारा आणि एक न पिणारा असाल तर ग्लासागणिक पैसे देणंच परवडतं. जे घ्यायचं ते चढण्याआधी संकेतस्थळावर घ्या, जहाजावर तेच महाग पडतं. खातं डॉलरमध्ये असतं. कार्डाचं यंत्र ‘रुपयांत भरायचे का’ विचारेल, तेव्हा नाही म्हणा. तो दर नेहमी तुमच्या तोट्याचा.

प्रश्न (रत्नागिरी): बायकोला बोट लागते. मोठं जहाज कमी डोलतं का?

उत्तर: हो, स्पष्टपणे कमी. पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखी पाती बाहेर येतात आणि आडवं डोलणं दाबतात. पुढे-मागे होणारी आदळआपट ती थांबवू शकत नाहीत. तिथे लांबी कामी येते. तीनशे मीटरचं जहाज एकाच वेळी अनेक लाटांवर रेलतं, दोनशे मीटरचं त्यापेक्षा कमी लाटांवर. पण प्रवासाची वेळ आणि जागा आकारापेक्षा जास्त बोलते. अरबी समुद्र नोव्हेंबर ते मार्च शांत. खोली मध्यावर आणि शक्य तितकी खाली घ्या. वरच्या मजल्यावरची बाल्कनी म्हणजे झोपाळ्याचं टोक.

गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, निघण्याआधी तास-दोन तास घ्यायची. ॲव्होमिनसारख्या गोळीनं झोप येते. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. पोट रिकामं ठेवू नका, आल्याची वडी तोंडात धरा, उघड्यावर येऊन क्षितिजाकडे पाहा. मोबाइल खाली ठेवा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): सात हजार लोकांना पुरतील एवढ्या होड्या असतात का?

उत्तर: असतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार होड्या आणि फुगणारे तराफे मिळून जहाजावरच्या एकूण माणसांच्या १२५ टक्के जागा लागते. एरवी एका होडीत दीडशेच माणसं चालतात; ओॲसिस आणि तसल्याच जहाजांसाठी ३७० जणांच्या खास होड्या मंजूर करून घेतल्या, तशा अठरा. सगळे जमल्यावर जहाज सोडण्याचा हुकूम झाला की ३० मिनिटांत त्या पाण्यात गेल्या पाहिजेत. अवघड भाग ‘सगळे जमल्यावर’ हा आहे. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिलिओ बेटाजवळ ‘कोस्टा काँकॉर्डिया’ खडकावर घासलं, ३२ जण गेले. तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायतच झालेली नव्हती. आता ती सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घेणं सक्तीचं आहे. जुलै २०१० नंतर बांधलेल्या मोठ्या जहाजांना आणखी एक अट लागू आहे: आग किंवा पाणी एका कप्प्यापुरतं असेल तर जहाजानं स्वतःच्या बळावर बंदर गाठता आलं पाहिजे. जुन्या जहाजांना ही अट नाही. या एका बाबतीत नवं आणि मोठं खरंच सरस. चित्रफीत चालू ठेवून दात घासू नका. आपली जमायची जागा खोलीपासून एकदा चालून बघा, जिन्यानं.

प्रश्न (सातारा): पहिलीच क्रूझ. मुंबई–गोवा करू की एकदम सिंगापूरचं मोठं जहाज?

उत्तर: क्रूझ मानवते का एवढंच बघायचं असेल तर मुंबई–गोवा. व्हिसा नको, विमान नको, दोन-तीन रात्रींत कळतं. बॅलार्ड पिअरच्या नव्या टर्मिनलमुळे चढणंही सोपं झालंय. भाऊच्या धक्क्यावरून कोकण-गोव्याची बोट पकडलेली पिढी अजून घरात असेल तर तिला बरोबर न्या. डेकवर सतरंजी टाकून जागा धरण्याच्या आठवणी वर फुकट मिळतील. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ याच मार्गावर सुरू झाली होती, चारशेच्या आत प्रवाशांची. तिच्यावरून किनारा दिसायचा, किल्ले ओळखू यायचे. ती सेवा टिकली नाही. एवढ्याशा जहाजावर खर्च भागवणं किती कठीण आहे ते त्यावरून कळावं.

मुलं दहा-पंधरा वर्षांची असतील तर सिंगापूर. घसरगुंड्या, दोरखेळ, रोज नवा शो. तिथे मोठेपणाचा पैसा वसूल होतो. जहाज मलेशिया-थायलंड करून परत सिंगापूरला येतं, म्हणजे तुम्ही सिंगापूरमध्ये दोनदा प्रवेश करता. व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना ते पाहा, आणि ऑनलाइन आगमन-पत्र दोन्ही वेळा भरा. दुसऱ्यांदा भरायचं बहुतेक जण विसरतात आणि परतीच्या सकाळी इंटरनेट शोधत फिरतात.

प्रश्न (सोलापूर): आम्ही जैन जेवण घेतो. छोटी किटली आणि इंडक्शन नेलं तर चालेल?

उत्तर: दोन्ही जप्त होतील. किटली, इंडक्शन, पाण्यात घालायची कॉइल, इस्त्री, स्पाइक गार्डवाला एक्स्टेंशन बोर्ड, सगळं आगीच्या भीतीनं बंद. एक्स-रेमध्ये दिसलं की बॅग खोलीत न येता सुरक्षा-कक्षात जाते, तुम्हाला बोलावणं येतं आणि वस्तू शेवटच्या दिवशी परत मिळते. घरी शिजवलेलं अन्नही नको. कारखान्यात पॅक केलेला खाकरा, चिवडा, चहाच्या पुड्या चालतात. उकळतं पाणी बुफेवर जवळजवळ चोवीस तास मिळतं.

जैन जेवण बुकिंगच्या वेळी लिहून द्या, प्रवासाच्या महिनाभर आधी पुन्हा मेल करा, आणि पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या दालनातल्या मुख्य वाढप्याला प्रत्यक्ष भेटा. ‘जैन’ हा शब्द पुरत नाही. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, अंडं नको अशी यादी इंग्रजीत कागदावर द्या. उद्याच्या जेवणाचं आजच रात्री सांगा, म्हणजे स्वयंपाकघर वेगळी आमटी लावतं. बुफेवर भरवसा ठेवू नका, तिथे एकाच चमच्यानं चार भांडी ढवळली जातात. मोठ्या जहाजावर हा मुख्य वाढपी गोव्याचा तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा गोवेकर, निघण्याची शक्यता बरीच असते. मराठीत किंवा कोंकणीत बोला, पहिल्याच दिवशी.